जुन्या जिप्सीचे मागचे शॉकअप घरच्या घरी बदलताना

माझी मारुती जिप्सी १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. घेतली तेव्हा मागून डावीकडे दोन बोटं खाली बसलेली दिसायची. मी मोठ्या उत्साहात मागच्या शॉकअपची (शॉक अ‍ॅब्सॉर्बरची) जोडी आणली, अख्खा शनिवार-रविवार घालवून बसवली, गाडी खाली उतरवली आणि मागे जाऊन उभा राहिलो. डावीकडे दोन बोटं खालीच. शेजारचे काका सकाळपासून गॅलरीतून माझा उद्योग बघत होते. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अरे, पाटा बसलाय तो. शॉकअप काय करणार त्याला?"

नवीन लोकांची पहिली गल्लत इथेच होते. जिप्सीला पुढे-मागे चारही ठिकाणी कमानपाटे (लीफ स्प्रिंग) आहेत आणि गाडीचं वजन पेलतात ते पाटे. शॉकअप वजन पेलत नाही. खड्ड्यातून गेल्यावर पाटा वरखाली डोलत राहतो, ते डोलणं थांबवणं एवढंच त्याचं काम. आत तेल भरलेलं असतं, त्यात एक पिस्टन हलतो, तेलाला बारीक छिद्रांतून जावं लागतं आणि त्या अडवणुकीत हालचालीची उष्णता होते. त्यामुळे गाडी एका बाजूला कलली असेल, मागून बसली असेल, माणसं बसली की खालचा रबरी ठोकळा (बंप स्टॉप) लगेच आपटत असेल, तर आधी पाटे बघा. पाट्यातलं एखादं पान, म्हणजे पोलादी पट्टी, मोडलंय का, पानं एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट शाबूत आहे का, पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या शॅकल दोन्हीकडे सारख्याच कोनात उभ्या आहेत का. माझ्या गाडीत डावीकडचं तिसरं पान मधोमध तुटलेलं निघालं. कमानपाट्यांचं काम करणाऱ्याने ते दुपारभरात बदलून दिलं आणि गाडी सरळ झाली.

मग शॉकअप गेलाय हे ओळखायचं कसं

कारच्या कोपऱ्यावर जोर देऊन सोडायचं आणि किती वेळा डोलते ते मोजायचं, ही परीक्षा सगळ्यांना ठाऊक असते. पाट्यांच्या गाडीत ती फसवी ठरते. एकावर एक बसलेली पानं आपसात घासतात आणि त्या घर्षणानेच गाडी थांबते. शॉकअप पार मेलेला असला तरी गाडी दोनदा हलून गप्प बसेल.

माझी खात्रीची परीक्षा वेगळी आहे. खराब रस्त्यावर दहाएक किलोमीटर गाडी चालवा, थांबा आणि लगेच चारही शॉकअपना हाताची पाठ लावून बघा, आधी जरा सांभाळून. काम करणारा शॉकअप कोमट ते चांगला गरम लागतो. तिघं गरम आणि एक थंडगार असेल, तर त्या थंडगाराने तुमच्यासाठी काहीच केलेलं नाही. हात लावताना सायलेन्सरच्या पाइपपासून लांब राहा.

डोळ्यांनी बघायचं ते तेल. अंगावर ओलसर धुळीचा पातळ थर असेल तर घाबरायचं कारण नाही, सीलमधून इतकं पाझरतंच. पण वरून खाली ओघळ आले असतील, खालच्या डोळ्याशी (शॉकअपच्या टोकाच्या कडीशी) तेलात भिजलेला चिखल साचला असेल, तर आतलं तेल गेलं. टायरवरून हात फिरवा. मध्येच उंच, मध्येच खोल असे खळगे लागत असतील तर तो टायर रस्त्यावर उड्या मारत चाललाय. आणि लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर, विशेषतः वळणात, गाडीची मागची बाजू आपोआप बाहेर सरकत असेल तर हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. घाटात तीच मागची बाजू दरीकडे सरकते.

नुसता ठकठक आवाज येत असेल तर कदाचित शॉकअप ठणठणीत असेल आणि डोळ्यातलं रबरी बुश संपलं असेल. टॉमी, म्हणजे छोटी पहार, लावून डोळा हलवून बघा. बुशचा खर्च शॉकअपच्या मानाने किरकोळ असतो.

खरेदी

जोडीने घ्या. एकच गळत असला तरी दुसरा त्याच वयाचा आहे, आणि एक नवा, एक जुना असला की मागचा अ‍ॅक्सल दोन बाजूंना दोन तऱ्हेने वागतो.

गाडी मूळ उंचीची असेल तर कंपनीच्या मापाचा शॉकअप मागा आणि विषय संपवा. जिप्सी १९८५ पासून रस्त्यावर आहे, लष्करातही भरपूर चालली, त्यामुळे माल मिळतो. पुण्यात नाना पेठ किंवा मुंबईत कुर्ला गाठलंत तर हातात दोन-तीन पर्याय पडतील. जुने शॉकअप तेल भरून, रंग मारून विकायला ठेवलेले असतात. त्यांची दांडी जवळून बघा. आरशासारखी गुळगुळीत नसेल, नखाला ओरखडा लागत असेल तर परत ठेवा. नवं सीलसुद्धा त्या दांडीवर महिनाभर टिकणार नाही.

आधीच्या मालकाने गाडी उचलली असेल, म्हणजे लांब शॅकल किंवा जास्तीची पानं टाकली असतील, तर माप घ्यावं लागेल. गाडी सपाट जागेवर उभी असताना वरच्या आणि खालच्या डोळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. नवा शॉकअप पूर्ण दाबल्यावर आणि पूर्ण ओढल्यावर जी दोन मापं येतात, त्यांच्या साधारण मध्यावर हे अंतर यायला हवं. अ‍ॅक्सल वर येताना आधी रबरी बंप स्टॉप टेकला पाहिजे. आधी शॉकअपच मिटला, तर एका मोठ्या खड्ड्यात तो तरी फुटेल किंवा चेसिसवरचं ब्रॅकेट तरी वाकेल. खूप लोक "जरा लांबच द्या" म्हणून मोठा शॉकअप घेतात आणि नेमके इथे अडकतात.

सोबत नवे नट-बोल्ट घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा मजबुतीचा आकडा कोरलेला असावा. गेट-ग्रिलला वापरतात तो बिनआकड्याचा बोल्ट इथे चालत नाही. नट नायलॉकचे (आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप सैल न होणारे), आणि वायसर जुन्याच मापाचे.

आदल्या रात्रीचं काम

खरं काम आहे चार नटांचं. पण ते नट वीस-पंचवीस पावसाळे खाऊन बसलेले असतात. गाडी कोकणातली असेल, समुद्रावर वाळूत फिरलेली असेल, तर नट कुठे संपतो आणि बोल्ट कुठे सुरू होतो हेही कळत नाही. म्हणून आदल्या रात्री खाली शिरा, तारेच्या ब्रशने बाहेर आलेले आटे स्वच्छ घासा आणि मग गंज सोडवणारा स्प्रे मारा. न घासता मारला तर तो गंजाच्या पापुद्र्यावरच राहतो. सकाळी उठल्यावर पुन्हा एकदा मारा.

तेव्हाच वरची-खालची बांधणी नीट बघून ठेवा. जिप्सीत मागे दोन्ही टोकांना रबरी बुशचे डोळे असतात. कुठे बोल्ट आरपार आहे, कुठे पक्की पिन आहे आणि तिच्यावर नट, वायसर कोणत्या क्रमाने आहेत, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. आधीच्या मेकॅनिकने काय बसवलंय ते सांगता येत नाही.

हत्यारं फार लागत नाहीत: १४, १७ आणि १९चे रिंग पाने आणि त्याच मापाच्या गोट्या (सॉकेट), लांब दांडा, पान्यावर चढेल असा दोन फुटी लोखंडी पाइप, टॉमी, किलोभराचा हातोडा, छिन्नी, लोखंड कापायची करवत, जॅक आणि दोन घोड्या (जॅक स्टँड). आणि चष्मा. साधा पारदर्शक, कारखान्यात घालतात तो. तुम्ही उताणे पडून वर बघत हातोडा मारणार आहात आणि गंजाचा चुरा सरळ डोळ्यात येतो.

गाडी उचलणं

इथे घाई करू नका. बाकी सगळीकडे चूक झाली तर पैसे जातात, इथे जीव जातो.

जागा सपाट आणि पक्की हवी. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावा. नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नका, आणि जुन्या फोर व्हील ड्राइव्हमध्ये तर मुळीच नको. कारण असं की जुन्या जीप, जुन्या लँड रोव्हर अशा गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतोच. ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे, मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो आणि ब्रेक त्याला लागतो. खाली वाकून तुमच्या गाडीत तसा ड्रम दिसतो का बघा. दिसला तर लक्षात ठेवा: मागचं एक चाक जमिनीवरून सुटलं की शाफ्ट जागच्या जागी राहून डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची पेटी) मोकळं फिरू शकतं. म्हणजे हँडब्रेक ओढलेला आहे, शाफ्ट घट्ट आहे आणि तरी गाडी चालू लागते. त्यासाठी पुढच्या चाकांचे हब लॉक करा, म्हणजे ती चाकं अ‍ॅक्सलला जोडली जातील, ट्रान्स्फरचा दांडा फोर-लो (चारही चाकं, हळू गिअर) मध्ये टाका आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा. आता पुढची चाकंही गाडीला धरून ठेवतात. तरी ठोकळे हवेतच.

जॅक मागच्या अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावा, पाट्याच्या जवळ. गाडी उचला आणि घोडी त्या नळीखालीच ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. घोडी ठेवताना नळीवरून जाणारा ब्रेकचा बारीक पाइप तिच्याखाली चेंगरत नाही ना, हे बोटाने चाचपून घ्या. चेसिसखाली घोडी का नाही? चेसिस उचललं की अ‍ॅक्सल खाली लोंबकळतो, शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि ब्रेकच्या रबरी नळीलाही ओढ बसते. अ‍ॅक्सलखाली घोडी असली की गाडीचं वजन पाट्यांवरच राहतं, जणू गाडी चाकांवर उभी आहे. त्याचा दुसरा मोठा फायदा शेवटी आवळताना होतो, तो पुढे येतो.

घोडीऐवजी विटा, चिरे, सिमेंटचे ब्लॉक नकोत. कोकणात अंगणात चिरा पडलेलाच असतो आणि हात आपोआप तिकडे जातो. जांभा वरून टणक दिसला तरी एका कडेवर वजन आलं की फुटतो, आणि फुटण्याआधी सूचना देत नाही.

एका वेळी एकच चाक काढा. काढलेलं चाक आडवं करून चेसिसखाली सरकवून ठेवा. घोडी निसटलीच तर गाडी त्यावर थांबेल. आता गाडीला खांदा लावून जोरात हलवा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे.

जिप्सी उंच आहे, चाक न काढताही हे काम होतं, आणि दुसऱ्या वेळेला तुम्ही तसंच कराल. पहिल्या वेळेला मात्र काढाच. पाना फिरवायला जागा मिळते आणि डोकं शांत राहतं.

जुना काढणं

एका बाजूचं काम पूर्ण झाल्याशिवाय दुसरी बाजू उघडू नका. वायसरचा गोंधळ झाला तर बघायला दुसरी बाजू शाबूत राहते.

वरचा आणि खालचा, दोन्ही नट आधी फक्त सैल करा. रिंग पाना किंवा सहा कडांची गोटी वापरा. उघड्या तोंडाच्या फिक्स पान्याने जोर लावलात तर नट गोल होतो आणि मग सगळंच अवघड होतं. जाम नट आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवून बघा. कटकन आवाज आला की गंजाची पकड सुटली. मग सोडवा: अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, स्प्रे, पुन्हा अर्धा फेरा बाहेर. पाइप लावून एका दमात खेचलंत तर बोल्ट मोडतो. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, दुकानं बंद व्हायच्या बेतात असताना, माझ्या उजव्या बाजूचा वरचा बोल्ट असाच मोडला. अर्धा आत, अर्धा गोटीत. मोडण्याआधी हाताला एक मऊपणा जाणवतो, नट फिरतोय पण सुटत नाही, जणू गरम गूळ ताणतोय. तो मऊपणा लागला की तिथेच थांबा. स्प्रे मारा, चहा घ्या, तासाभराने या.

नट निघाला आणि डोळा पिनवरून निघेना, तर टॉमीने दोन्ही बाजूंनी आळीपाळीने सरकवा. पिनच्या तोंडावर हातोडा मारायचा असेल तर नट उलटा फिरवून पिनच्या टोकाशी सपाट आणा आणि मग मारा, नाहीतर आटे जातात. बोल्ट बुशच्या लोखंडी नळीतच गंजून बसला असेल तर करवतीने डोळ्याच्या दोन्ही कडांना बोल्ट कापून टाका. नवे बोल्ट त्यासाठीच आणलेत.

गॅसची ज्योत मात्र नको. गॅरेजमध्ये नट लाल करून सोडवतात ते तुम्ही पाहिलं असेल. इथे त्याला लागून तेल भरलेलं, कधी दाबाखालचा गॅस भरलेलं बंद नळकांडं आहे, जवळ ब्रेकची रबरी नळी आहे आणि मागच्याच भागात पेट्रोलची टाकी आहे. ठिणग्या उडवणाऱ्या ग्राइंडरलाही माझा तोच नकार. करवतीने वीस मिनिटं जास्त जातात, जाऊ देत.

निघालेला शॉकअप उभा धरून दाबा आणि ओढा. चांगला असेल तर दोन्ही दिशांना, मधे कुठेही न तुटता, जड विरोध करेल, ओढताना बहुधा जास्त. माझा सायकलच्या पंपासारखा खाली बसला आणि मधल्या दोन इंचांत तर काहीच लागलं नाही.

नवा बसवणं

आधी जुना-नवा शेजारी उभे करून डोळ्यांची रुंदी, भोकाचा व्यास आणि लांबी पडताळा. मग नव्यातली हवा काढा. दुकानात तो आडवा पडलेला असतो. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये अशाने आतल्या नळीत हवा शिरते. गाडीत बसतो तसा उभा धरा, पूर्ण ओढा, पूर्ण दाबा, असं चार-पाच वेळा. सुरुवातीला मधेच पोकळ झटका लागेल, मग हालचाल एकसारखी जड होईल. यानंतर त्याला आडवा ठेवू नका. दांडी कधीही पकडीने धरू नका. एक ओरखडा सील कापायला पुरतो.

गॅसचा शॉकअप पट्टीने दाबून बांधलेला येतो. त्याचीही हवा काढायचीच, फक्त एकदा पट्टी कापली की तो हळूहळू आपोआप उघडत जातो. दोन हातांनी पुन्हा दाबता येतो, पण उताणं पडून ते करताना दमछाक होते. त्यामुळे उभ्याने पंप करून झाला की दाबून तारेने परत बांधा, वरचा डोळा बसवा आणि मगच तार सोडून खालचा डोळा पिनवर न्या.

जाड तेलाची नळी खाली, धूळ अडवणारं आवरण वर. बुश घट्ट जात असेल तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं की रबर फुगतं. ग्रीस हवं असेल तर बोल्टच्या गुळगुळीत भागाला पातळ हात द्या, पुढच्या वेळी तुम्हीच स्वतःला दुवा द्याल.

दोन्ही नट आधी बोटांनी फिरवा. आटे सरळ बसले याची खात्री झाली की पाना घ्या.

आता तो मघाचा फायदा. रबरी बुश आवळलं गेलं की ते ज्या स्थितीत आवळलं त्या स्थितीला धरून बसतं. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना आवळलंत, तर गाडी जमिनीवर येताच बुश पिळलेलं राहतं, रोजच्या चालीत ते आणखी पिळत जातं आणि लवकरच फाटतं. तुमच्या घोड्या अ‍ॅक्सलखाली आहेत, पाटे वजनाखाली आहेत, म्हणून तुम्ही इथेच शेवटचं आवळून मोकळे होऊ शकता. कुणी चेसिसखाली घोडी लावून काम केलं असेल तर त्याने नट हलके ठेवून, गाडी चाकांवर उतरवून मगच आवळावेत.

किती आवळायचं ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकड्यात असतं. टॉर्क पाना असेल तर तोच आकडा पाळा. नसेल तर रचना बघा. बुशमध्ये लोखंडी नळी असेल तर वायसर नळीला टेकेपर्यंत आणि मग नेहमीच्या पान्याने पक्कं, पाइप न लावता. नुसतंच रबर असेल तर ते फुगून वायसरच्या कडेपर्यंत आलं की पुरे. कडेबाहेर आलं म्हणजे जास्त झालं.

चाक लावा, दुसरी बाजू करा. पहिल्या वेळेला दोन्ही मिळून अर्धा दिवस धरा.

दुसरी गाडी असेल तर

जुन्या महिंद्राच्या जीपमध्ये बऱ्याचदा नटाऐवजी पिनच्या टोकाला वायसर आणि स्प्लिट पिन सापडेल. जुनी स्प्लिट पिन सरळ करून परत वापरू नका, नवी टाका. स्कॉर्पिओ फोर बाय फोर किंवा डिफेंडरसारख्या गाडीत मागे पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहेत. पाट्यांच्या गाडीत शॉकअप काढला तरी अ‍ॅक्सल पाट्यांना धरून असतो. कॉइलच्या गाडीत अ‍ॅक्सल किती खाली जाईल हे बऱ्याचदा शॉकअपच ठरवतो. चेसिसवर उचलून दोन्ही शॉकअप काढलेत तर अ‍ॅक्सल खाली जातो, स्प्रिंग जागेवरून निसटते आणि ब्रेकची नळी ताणली जाते. तिथे अ‍ॅक्सलखाली आधार असल्याशिवाय पाना हातात घेऊ नका.

रस्त्यावर नेण्याआधी

मागचं एक चाक हळूच फुटपाथच्या कडेवर चढवा आणि उतरून खाली बघा. शॉकअप कुठे सायलेन्सरला, हँडब्रेकच्या वायरला किंवा टायरला घासत नाही ना? मग उलट बाजूने. नंतर ओळखीच्या गतिरोधकावरून वीसच्या वेगाने जा. मागची बाजू एकदा वर येऊन बसली पाहिजे. सुरुवातीला गाडी कडक वाटेल. मेलेल्या शॉकअपची सवय झालेली असते, म्हणून.

जुनी जोडी भंगारात द्या, पण कापू नका, जाळात टाकू नका. गॅसच्या शॉकअपमध्ये दाब शिल्लक असतो. सांडलेलं तेल गटारात न सोडता डब्यात भरून गॅरेजला द्या.

शंभर किलोमीटर झाले की चारही नट आणि चाकांचे नट पुन्हा एकदा पान्याने बघा. नवं रबर बसतं आणि नट सैल वाटू शकतो. माझा डावीकडचा खालचा नट ताम्हिणीतून परत आल्यावर चांगला पाव फेरा आत गेला होता.